जंगलात गेलात काय बघायला आणि दिसलं काय? (गोव्यातली अभयारण्यं: मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, सगळं चालेल)

पेडणेकरीण: काल बेळगावहून येताना अनमोड घाटात टायर पंक्चर, नवरा जॅक शोधतोय आणि डोक्यावरून जोरात घूं घूं करत धनेशाची जोडी गेली. पंखांचा आवाज हो तो! एकदम शाळेची मोल्याची सहल आठवली. आम्हाला वाघ बघायचा होता, गार्डमामांनी दाखवली झाडाची ढोली. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट, आणि नर बाहेरून भरवतो. त्याने घशातून एकेक फळ वर काढलं, चोचीच्या टोकावर आणलं, फटीत दिलं, परत दुसरं, संपेचना. एकीने विचारलं, बाई तुमचे मिस्टर करतात का हो असं? पुढची सहल थेट मंगेशीला गेली. तुमचं येऊ द्या.

नुसता_आळशी: जळवा.

फोंड्याची वहिनी: हाहा जळवा!! तांबडी सुर्लाला देवळामागच्या ओढ्यात पाय बुडवले, गाडीत बसल्यावर ह्यांच्या मोज्यातून निघाली, फुगून द्राक्षाएवढी. काढली तर रक्त थांबेना, तिच्या लाळेतच असतं म्हणे रक्त गोठू न देणारं काहीतरी. सासूबाईंनी तंबाखू-चुना लावला आणि वर बोलल्या, कदंबांच्या काळातलं देऊळ बघायला आलात ते बघा ना, पाण्यात काय ठेवलंय. थांबा कुकर झाला

सत्तरीकर: वाघ आहेत हो म्हादईत. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली, विष घालून मारलेली. आमच्याकडे तेव्हा चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता, ज्याची म्हैस वाघाने मारली त्याचंही ऐकावंसं वाटायचं आणि त्या पिल्लांचे फोटो तर बघवत नव्हते. असो, तुमचा धागा मजेचा आहे, चालू द्या.

पेडणेकरीण: नाही दादा, लिहा की. हेही जंगलातलंच.

काणकोणचो: खोतीगावला मचाणावर पहाटे चढलो, गवा येणार म्हणून खोकला पण दाबून धरला. कोण आला नाही. खाली उतरतो तर बाजूच्या खोडाची साल सुटली आणि तरंगत दुसऱ्या खोडाला चिकटली! उडता सरडा. फासळ्यांवरचं कातडं ताणून तरंगतो, बसला की गायब, नुसती साल. मग गळ्याखालची पिवळी झालर बाहेर काढली, आत घेतली, बाहेर, आत... तेवढीच दिसायची. मित्र म्हणतो कुठाय कुठाय, त्याला शेवटपर्यंत दिसला नाही, अजून मला थापाड्या म्हणतो

साखळीचा बंड्या: गव्यासाठी अभयारण्य कशाला, आमच्या काजूत या. कुंपण मोडून येतो, टनभराचा प्राणी, हाकलणार कोण? वर राज्यप्राणी, म्हणजे अहोजाहो करायचं

नुसता_आळशी: अहो गवेसाहेब, जरा बाजूला होता का

रातकिडा: चोर्ल्याच्या बाजूला पावसात रात्री चमकणारी बुरशी बघितली. बॅटऱ्या बंद करून गप उभं राहायचं, आधी ठार काळोख, मग हळूहळू कुजक्या काटक्या फिक्या हिरव्या दिसायला लागतात. नेटवरच्या फोटोंवर जाऊ नका, कॅमेऱ्यात भडक येतं, डोळ्याला एवढं दिसत नाही. मला फिकंच आवडलं. आमच्यातला एकजण सारखा मोबाईल काढायचा, की परत सगळ्यांना काळोख. त्याला ढकलायचाच बाकी होता

सुशेगाद_आजी: बोंडल्याला नातवंडांना नेलं, आठ चौरस किलोमीटर म्हणजे आपल्यातलं सगळ्यात आटोपशीर, माझे गुडघे तेवढंच मानतात. माकडाने पिशवीतले चणे नेले आणि समोर बसून खाल्ले. मुलांना पिंजऱ्यातलं काही आठवत नाही, ते माकड आठवतं.

नवी_आलेय: दूधसागरला या रविवारी जायचंय, कुळ्याहून जीप मिळेल ना?

काणकोणचो: पावसात जीप बंद असते बाये. ट्रेनमधून बघ, समोरूनच जाते. पण तिथे उतरायचं नाही, पकडतात. नेत्रावळीला जा त्यापेक्षा, गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्याची तळी बघ, टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात म्हणतात

नुसता_आळशी: मी वाजवल्या. हात दुखले, बुडबुडे होते तेवढेच

काणकोणचो: आळशी माणसाच्या टाळ्या त्या

फोंड्याची वहिनी: आले. श्रावण ना, खतखतं टाकलंय, सगळ्या भाज्या एकत्र. काय काय झालं मधे?

सुशेगाद_आजी: तिरफळं घातलीस का गो?

फोंड्याची वहिनी: अय्यो! थांबा