'द इन्क्रेडिबल्स' बघताना तुम्हाला कोण आठवतं? (अनुभव धागा)

मटारसोली
काल लेकीने इन्क्रेडिबल्स लावला, पिक्सारचा तो सुपरहिरो कुटुंबाचा 2004 चा ॲनिमेशन पिक्चर, मी शेजारी मटार सोलत. त्यातला बाप, बॉब बघा, सुपरहिरोगिरी बंद होऊन 15 वर्षं झालेली, विमा कंपनीच्या खुराड्यात बसलाय, समोर म्हातारी रडतेय आणि हा हळूच सांगतो की पॉलिसीची कॉपी घेऊन तिसऱ्या मजल्यावर जा, अमुक फॉर्म भरा, आणि मग साहेबाला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणतो की सॉरी बाई, काही करू शकत नाही. माझा हात थांबलाच. माझे बाबा विम्याच्याच हापिसात होते. संध्याकाळी ओट्यावर गावाकडचं कुणीतरी बसलेलं असायचं, बाबा जुन्या पाकिटाच्या मागे लिहून द्यायचे, कुठला दाखला, कुठलं टेबल. आई आतून चिडायची, कितीदा चहा टाकू. कॉलेजात असताना बघितला तेव्हा मला फक्त तो बॉबचा पोरगा डॅश पाण्यावरून पळतो तेच भारी वाटलेलं, हे दिसलंच नव्हतं! तुम्ही पण लिहा.

खिडकीची_सीट
आम्ही हिंदीत बघितला, 'हम हैं लाजवाब'. बापाला शाहरुखचा आवाज आणि तेजला (म्हणजे डॅशला) आर्यनचा, तेव्हा एवढासा होता तो. आमच्या धाकट्याला वाटायचं शाहरुखच जाड झालाय.

लुनास्वार
बॉब त्या चिमुकल्या गाडीत स्वतःला कोंबतो ना, ते म्हणजे आमचे मामा आणि त्यांची लुना. बास. कुकर झाला, नंतर लिहितो.

काजबटण
एडना!!! सुपरहिरोंचे कपडे शिवणारी. केप नाही म्हणजे नाही. तिचा मूळ इंग्रजी आवाज दिग्दर्शक ब्रॅड बर्डचा स्वतःचाच आहे हे कळल्यावर परत बघितला, तरी पटत नाही. आणि बरोबरच बोलते ती, शेवटी तो व्हिलन सिंड्रोम केपमुळेच विमानाच्या इंजिनात जातो. आमच्या टेलरकाकू अश्शाच, मी फुग्याची बाही सांगितली तर 'तुझ्या खांद्याला शोभत नाही' म्हणून साधी शिवली, पैसे मात्र फुग्याचेच घेतले.

आंबटगोड
काजबटण, कुठे असतात या काकू? भाचीचं लग्न आहे, दोन ब्लाऊज राहिलेत

काजबटण
डोंबिवली पूर्व. शनिवार म्हणाल्या की पुढचा शनिवार समजायचा.

दोन_वेण्या
मी शाळेत व्हायोलेट होते, बॉबची ती लाजरी मुलगी. तोंडावर केस, बाईंनी हजेरीत नाव घेतलं की गायब व्हावंसं वाटायचं. तिचे ते लांब केस कॉम्प्युटरवर हलवताना पिक्सारवाल्यांच्या नाकी नऊ आले होते म्हणे. आमच्या आजीने चपचपीत तेल लावून दोन मिनिटांत वेण्या घातल्या असत्या.

नाक्यावरचा
आजी 🙏🙏

सातारी_ताई
दुसरा भाग आला 2018 ला, म्हणजे 14 वर्षांनी, आणि गोष्ट पहिली संपते तिथूनच चालू, त्यांचं तान्हं जॅक-जॅक तसंच लंगोटात. माझा पहिल्याच्या वेळी पोटात होता, दुसऱ्याच्या वेळी शेजारी बसून एकटाच अख्खा पॉपकॉर्न संपवत होता. बॉबची बायको हेलन कामावर जाते आणि बॉबला घरी पोराचं नव्या पद्धतीचं गणित जमत नाही तिथे आमच्याकडे बायकाच जास्त हसल्या. हे गप्प होते.

परतीचं_तिकीट
आम्ही तेव्हा न्यू जर्सीत. त्या दुसऱ्या भागात झगमगणाऱ्या लाइटचे सीन आहेत, फिट येणाऱ्यांनी जपा म्हणून तिकडे थिएटरांत पाट्या लावल्या होत्या. भावजींना त्रास आहे, मग दारातूनच परत आणि सगळ्यांनी इडली खाल्ली. अजून बघितला नाहीये.

तिरकस
मला फार नाही पटला पिक्चर. तो बडी, म्हणजे सिंड्रोमच लहान असताना, मदत करायला आलेला, त्याला बॉबनेच हाकललं. जन्मतः ताकदवान ते हिरो आणि स्वतः खटपट करून यंत्रं बनवणारा तो व्हिलन?

सातारी_ताई
अहो पण पुढे त्याने किती सुपरहिरो मारले!

तिरकस
ते आहेच. तरी पोराशी दोन शब्द नीट बोलायला काय जात होतं. आमचे पीटीचे सर आठवतात मला.

लुनास्वार
आलो. बॉबचा मित्र फ्रोझोन सूट शोधतो आणि बायको आतून ओरडते तो सीन राहिला की! आमच्याकडे रोज, सूटच्या जागी रुमाल. आत्ता पण.

मटारसोली
सगळ्यांना थँक्यू, हसून मेले. बाबांना व्हिडिओ कॉलवर तो म्हातारीचा सीन दाखवला. चष्मा लावून नीट बघितला, परत लाव म्हणाले. मग म्हणाले, 'सगळं सांगितलं त्याने, पण पोच घ्या म्हणून नाही सांगितलं.'

आंबटगोड
😂😂 पोच!! काजबटण, काकूंचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना