सात वर्षांच्या मुलाला फुटबॉलच्या लीग मॅच खेळवू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

मानपाड्याची आई

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगा डिसेंबरमध्ये सात पूर्ण झाला, वर्षभर घराजवळच्या टर्फवर आठवड्यातून तीनदा फुटबॉलला जातो. आधी इतका खुश असायचा की शाळेतून आला की दप्तर टाकून पहिले शिनगार्ड शोधायचा. दोन महिन्यांपूर्वी सरांनी ट्रायल घेऊन दोन बॅच केल्या, मॅच खेळणाऱ्यांची वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी, हा कसाबसा पहिलीत आला. आता दर रविवारी सात विरुद्ध सात, आणि संध्याकाळी ग्रुपवर पॉइंट टेबल येतं. गेल्या रविवारी ०-६ हरले. मी जाळीबाहेर बसून सहज बोटांवर मोजलं, वीस मिनिटांच्या हाफमध्ये ह्याच्या पायाला बॉल चारदा लागला, त्यातही दोनदा नुसता आपटून गेला. बाकीचे पालक बाहेरून ओरडतायत, मार, पुढे मार, काढ तिथून. घरी येताना रिक्षात एक शब्द बोलला नाही आणि सोमवारी प्रॅक्टिसच्या वेळेला म्हणे पोट दुखतंय. असं तिसऱ्यांदा झालं. सासरे म्हणतात आत्तापासून सवय लागू दे, पुढे सगळीकडे स्पर्धाच आहे. पण हाच मुलगा घरात पायमोज्यांचा गोळा करून पॅसेजमध्ये तासभर खेळतो हो, भिंतीला मारतो, परत घेतो, स्वतःशीच कॉमेंट्री करतो. त्याला खेळ यावा असं मलाही वाटतं, पण मॅच सोडल्या तर मागे पडेल का?

खारघरचा बाबा

ताई, आमच्याकडे मुलीच्या बाबतीत हेच झालं म्हणून लिहितोय. २०२२ला नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंडर-१७ मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, ती बघायला तिला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती सहाची. दुसऱ्या दिवसापासून फुटबॉल हवाच. क्लास लावला आणि चार महिन्यांत मॅच सुरू, त्यात ही बराच वेळ बाहेर बसून, कारण टीम जिंकायला हवी. शेवटी आम्ही काढलं तिला तिथून, मलाच वाईट वाटत होतं की आपण पळ काढतोय की काय. मग सोसायटीतली सहा मुलं गोळा केली, दोन्हीकडे चपला ठेवून गोल, तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही. पहिल्याच दिवशी तिला इतक्या वेळा बॉल मिळाला की ती घामाघूम होऊन पाणी प्यायलाही येईना. आता ती नवव्या वर्षी परत क्लासला जाते, स्वतःहून मागून गेली, आणि डाव्या पायानं पास देते, जे तिला कोणी शिकवलेलं नाही.

नेरुळ कोच

मी चौदा वर्षं लहान मुलांना शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर. तुम्ही चार टच मोजलेत ना, सगळं त्यातच आहे. सात विरुद्ध सात म्हणजे चौदा मुलं आणि बॉल एक, ह्या वयात सगळी बॉलमागे झुंडीनं धावतात, जो अंगानं मोठा तो घेऊन जातो, बाकीचे फक्त धावतात. स्किल बॉलला पाय लागूनच येतं, त्याला दुसरा रस्ता नाही.

जर्मनीनं २०२४-२५च्या सीझनपासून सर्वात लहान मुलांसाठी दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन सक्तीचं केलं, छोटे छोटे चार गोल ठेवून. चार गोल का, तर एका गोलसमोर गर्दी झाली की मुलाला मान वर करून बघावं लागतं की दुसरा मोकळा आहे का, आणि बॉल घेऊन वळावं लागतं. हे वळणं मी ओरडून शिकवायला गेलो तर सहा महिने जातात. नॉर्वेत तर अकरा वर्षांपर्यंत मुलांचे निकाल, टेबल, रँकिंग काही लावत नाहीत, आणि एर्लिंग हालांड, आजचा एवढा मोठा स्ट्रायकर, त्याच देशातल्या ब्रुनेसारख्या छोट्या गावच्या क्लबात वाढला. इंग्लंडमध्येही लहान गटांचं टेबल छापत नाहीत. आपल्याकडेही फुटबॉल फेडरेशननं २०१८ला लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केल्या, तिथे मुख्य उद्देशच मुलांनी खेळावं हा होता.

आणि एक महत्त्वाचं, तुमचा मुलगा डिसेंबरचा आहे. वयोगट सहसा १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे त्याच्याच गटातला जानेवारीचा मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ एक वर्षानं मोठा. तिशीत एक वर्ष काही नाही, सातव्या वर्षी ते आयुष्याचा सातवा भाग आहे! उंची, जोर, पळणं, सगळ्यात फरक पडतो, आणि ट्रायलमध्ये कोच त्यालाच टॅलेंट समजतो. मी स्वतः ही चूक केलीय, एका बारक्या मुलाला दोन वर्षं मागच्या बॅचमध्ये ठेवला, तेरा-चौदाचा झाल्यावर त्याची उंची वाढली आणि कळलं की पायात आधीपासून केवढं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सरांशी भांडू नका, फक्त विचारा की तासाभरात प्रत्येक मुलाकडे स्वतःचा बॉल किती वेळ असतो. आणि बॉल तीन नंबरचा आहे ना बघा, पुष्कळ ठिकाणी लहानांना पाच नंबरचा देतात, तो त्या पायाला जड जातो.

फिजिओ, वसंत विहार

पोटदुखीचं खोटं समजू नका, टेन्शननं मुलांचं पोट खरंच दुखतं. थांबत नसेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. टाचही विचारा. आठ ते तेराच्या मुलांची टाच दुखत असेल तर मी आधी वाढीच्या जागेवरचा ताण बघते, त्याला सेव्हर्स म्हणतात, टर्फखाली काँक्रीट असलं आणि रोज खेळलं की वाढतं. आणि हेडर, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, नको एवढ्यात. अमेरिकेत २०१५ला दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडिंग बंद केलं.

कळवेकर

माझं थोडं वेगळं मत. आम्ही पावसात चिखलात खेळायचो, हरलो की रडायचो, जिंकलो की डोक्यावर घ्यायचो, त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. मुलांना हार-जीत कळलीच पाहिजे, तुम्ही फार जपताय.

नेरुळ कोच

कळवेकर दादा, पटतंय तुमचं, मुलं स्वतः स्कोअर ठेवतातच, आमच्या ग्राउंडवर ७-५ की ७-६ यावरून रोज भांडणं होतात आणि मी मध्ये पडत नाही. पण तुमच्या चिखलातल्या मॅचला बाहेर कोणाचे आई-बाबा उभे होते का? तुमचा स्कोअर संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर गेला का? आणि कच्च्या लिंबूलाही तुम्ही खेळवत होतात, बाकावर बसवत नव्हता.

कळवेकर

हे मात्र खरं. बाकच नव्हता आमच्याकडे.

मानपाड्याची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सरांशी बोलले. ते आधी थोडे नाराज झाले, म्हणाले पालकच मॅच मागतात, तेही खोटं नसावं. पण दिवाळीपर्यंत ह्याला दुसऱ्या बॅचमध्ये पाठवायला तयार झाले, तिथे प्रत्येकाकडे बॉल असतो. रविवार मोकळा ठेवला. टाच दुखत नाही, विचारलं. तीन नंबरचा बॉल स्टेशनजवळच्या दुकानात मिळाला, पण पोडियमच्या टाइल्सवर फार उसळतो, काय करू?

खारघरचा बाबा

हवा थोडी कमी करा, अंगठ्यानं दाबल्यावर जरासा आत जाईल इतकी. पायाशी राहतो मग.

मानपाड्याची आई

केली. खाली चार मुलं आलीयत, चपला आमच्याच चालल्यात गोलला, सासरेबुवांची जोडीसुद्धा.