मेव्हिस स्टेपल्स यांनी गॉस्पेल सोडले का?

प्रेषक: शॉम्बर्गकर

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

पुढच्या श्रवणसत्रासाठी शिकागोच्या गायिका मेव्हिस स्टेपल्स यांचे नाव सुचवले गेले आहे. त्यांच्या कुटुंबाची १९५६ च्या सुमाराची आणि १९७२ ची गाणी पाठोपाठ ऐकल्यावर माझे असे मत झाले की, चर्चमध्ये वाढलेल्या या मंडळींनी पैशासाठी गॉस्पेल (कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीते) सोडले आणि त्याच ढंगाच्या पण लौकिक विषयांच्या सोल संगीताची वाट धरली. त्या काळी चर्चमधल्या अनेकांनीही हाच आक्षेप घेतला होता. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रेषक: नेपरव्हिलकर

नमस्कार. आक्षेप घेतला गेला, हे खरे आहे. तो योग्य होता, असे मात्र मला वाटत नाही.

गॉस्पेल आणि ब्लूज (कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची लौकिक गाणी) यांच्यात भिंत होती, असे आपण धरून चालतो. पण आधुनिक गॉस्पेलचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी आपल्या याच शिकागोत ब्लूज गायिका मा रेनी यांच्या साथीला पियानो वाजवणारे ब्लूजवाले होते, आणि १९३२ मध्ये पत्नी व नवजात मूल दगावल्यानंतर त्यांनी रचलेले ‘प्रेशस लॉर्ड’ पुढे चर्चचे हक्काचे गाणे झाले. मेव्हिस यांचे वडील रोबक, म्हणजे ‘पॉप्स’, मिसिसिपीतल्या डॉकरी येथील कापसाच्या मळ्यावर गायक-गिटारवादक चार्ली पॅटन यांचे ब्लूज ऐकत वाढले. शिकागोत येऊन कत्तलखान्यात राबणाऱ्या या माणसाने घरी मुलांना देवाची गाणी शिकवली ती हातात गिटार घेऊन, आणि त्या गिटारचा थरथरता स्वर थेट त्या मळ्यावरून आलेला होता. १९४८ मध्ये हे कुटुंब चर्चमध्ये गाऊ लागले, तेव्हा १९३९ मध्ये जन्मलेल्या मेव्हिस जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. १९५६ चे ‘अनक्लाउडी डे’ नभोवाणीवर ऐकणाऱ्यांना तो खर्जातला आवाज एका कोवळ्या मुलीचा आहे, हे पटत नसे.

खरे वळण माझ्या मते १९६३ मध्ये आले, आणि ते पैशाचे नव्हते. माँटगोमेरीत पॉप्स यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटून त्यांचे प्रवचन ऐकले आणि मुलांना सांगितले की, हे जर प्रवचनात सांगता येत असेल, तर आपल्याला ते गाता येईल. लिटल रॉकच्या शाळेत प्रवेशासाठी छळ सोसलेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवरचे त्यांचे गाणे किंग यांच्या विशेष आवडीचे होते. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चावर ‘फ्रीडम हायवे’ आले, आणि तेही शिकागोतल्या एका चर्चमध्येच गायले गेले. म्हणजे १९६८ मध्ये सोल संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मेंफिसच्या स्टॅक्स कंपनीशी करार होण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या गाण्याचा विषय स्वर्गाकडून रस्त्याकडे वळला होता.

आता १९७२ चे ‘आय’ल टेक यू देअर’ घ्या. अलाबामातल्या मसल शोल्सच्या वादकांनी त्यात ठेका आणला, बासवादक डेव्हिड हूड यांना तर मेव्हिस गाण्यातच नावाने हाक मारतात, आणि ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पण शब्द पाहिले, तर कडवे जवळपास एकच आहे, आणि त्यात जिथे कोणी रडत नाही, जिथे हसऱ्या चेहऱ्याने कोणी फसवत नाही, अशा एका जागेचे वर्णन आहे. देवाचे नाव नाही, एवढेच. आणि उरलेले सगळे गाणे म्हणजे आपल्या भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि मंडळींनी ती उचलावी, तसला प्रकार आहे.

प्रेषक: शॉम्बर्गकर

आपले म्हणणे १९७२ पर्यंत मान्य. परंतु त्यांच्याच १९७५ च्या ‘लेट्स डू इट अगेन’ या गाण्याचे काय? त्यात मोर्चाही नाही आणि स्वर्गही नाही.

प्रेषक: नेपरव्हिलकर

तिथे आपण मला पकडलेत. ते सोल गायक-संगीतकार कर्टिस मेफील्ड यांनी चित्रपटासाठी रचलेले सरळसरळ प्रणयगीत आहे. आपण चर्चचे माणूस आहोत, हे शब्द आपल्या तोंडी शोभत नाहीत, असे म्हणून पॉप्स ते गायला तयार नव्हते, आणि मेफील्ड यांना त्यांची मनधरणी करावी लागली. गाणे पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. ते मी गॉस्पेलमध्ये बसवणार नाही. मात्र गाणाऱ्यालाच सीमा कुठे आहे हे ठाऊक होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

सत्रासाठी माझी सूचना अशी आहे की, न्यूयॉर्कमधल्या १९६९ च्या हार्लेम सांस्कृतिक महोत्सवातले ‘प्रेशस लॉर्ड’ अवश्य ठेवावे. त्यात मेव्हिस आपल्या आदर्श, गॉस्पेल गायिका माहेलिया जॅक्सन यांच्यासोबत गायल्या आहेत, आणि तेव्हा त्यांचा स्टॅक्सशी करार होऊन वर्ष लोटले होते. त्यानंतर थेट मेव्हिस यांच्या २०१० च्या ‘यू आर नॉट अलोन’ या गीतसंचावर जावे. २००० मध्ये पॉप्स गेल्यावर खचलेल्या मेव्हिस यांना बहीण इव्हॉन यांनी पुन्हा उभे केले होते, आणि शिकागोचेच रॉक संगीतकार जेफ ट्वीडी यांनी निर्मिलेल्या या संचाला त्यांचे पहिले ग्रॅमी मिळाले. त्यात पॉप्स यांची जुनी गाणीही आहेत. मधली ऐंशीच्या दशकातली ध्वनिमुद्रणे वगळली, तरी चालेल.