असईच्या लढाईतली ७८वी हायलँडर्स कुणी उभी केली?

मागच्या महिन्यात जालन्याकडे असईला जाऊन आलो, १८०३ला शिंदे-भोसल्यांविरुद्ध इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने ७८वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण लढली एवढंच माहिती होतं. ती कुणी उभी केली? सरकारनेच का?

> नाही हो, फ्रान्सिस मॅकेंझीने, १७९३मध्ये. स्कॉटलंडमधल्या मॅकेंझी कुळाचा प्रमुख होता. आपल्याकडे पाटलाने हाक दिली की गाव उठायचं ना, तसंच साधारण, पण म्हणून सगळे खुशीने गेले असं समजू नका, जमीन त्याचीच होती.

> आणि गंमत म्हणजे तो बहिरा होता! लहानपणी स्कार्लेट फीवर झाला त्यात ऐकू येणं गेलं, तरी १७८४ला रॉसशायरमधून खासदार झाला. भाषणं चालू असताना ह्याला काय कळत असेल देव जाणे. पुढे १७९७ला लॉर्ड सीफोर्थ झाला.

> मग असईला तो होता का?

> छे! तेव्हा तो बार्बाडोसचा गव्हर्नर, १८०१ ते १८०६. तिथे गुलामाचा खून करणाऱ्याला फाशीची शिक्षा व्हावी म्हणून मळेवाल्यांशी भांडला, कायदा करून घेतला. पण स्वतः मात्र गयानात मळे घेतलेले, त्यावर गुलाम राबायचे, त्यामुळे फार हळवं व्हायला नको. कर्जही डोक्यावर होतंच. चारही मुलगे त्याच्याआधी गेले, १८१५ला तोही.

> भारी माहिती! पुढच्या वेळी तिथे गेलो की वेगळ्या नजरेने बघीन.