शब्दचर्चा : राजचिन्ह ‘बदलले’ की ‘नव्याने रेखाटले’?

विचारणा : ‘१९५७ मध्ये कॅनडाने आपले बोधचिन्ह बदलले’ असे वाक्य मी एका लेखात लिहिले आहे, परंतु ते मला खटकते. ‘कोट ऑफ आर्म्स’साठी मराठीत कोणता शब्द योजावा?

उत्तर : ‘बोधचिन्ह’ नको, तो शब्द संमेलनांना, स्पर्धांना आणि कंपन्यांना शोभतो. सारनाथच्या सिंहशीर्षाला आपण ‘राजमुद्रा’ म्हणतो खरे, पण मुद्रा म्हणजे मुळात उमटवायचा शिक्का. युरोपात बाराव्या शतकापासून योद्ध्याची ओळख पटवणारी चित्रे ढालीवर आणि चिलखतावरच्या अंगरख्यावर काढली जाऊ लागली व कालांतराने ती राज्यांची ओळख बनली. म्हणून जिथे ढाल आहे तिथे ‘ढालचिन्ह’ हा शब्द मी सुचवेन (तो कानाला नवा वाटेल, हे मान्य), आणि सोव्हिएत संघासारख्या ढाल नसलेल्या चिन्हाला ‘राष्ट्रचिन्ह’ म्हणेन.

मात्र आपल्या वाक्यातली खरी अडचण नामापेक्षा ‘बदलले’ या क्रियापदात आहे. ढालचिन्हांच्या परंपरेत चित्र प्रमाण नसून शब्दांत केलेले वर्णन प्रमाण असते, आणि त्या वर्णनाशी इमान राखून चित्रकाराने कितीही वेळा नवे चित्र काढले तरी चिन्ह तेच राहते. कॅनडाच्या १९२१ च्या वर्णनात मेपलची तीन पाने ‘नैसर्गिक रंगाची’ एवढेच म्हटले होते. ती आधी हिरवी काढली जात, १९५७ मध्ये लाल काढली गेली. मेपलचे पान दोन्ही रंगांचे असते, त्यामुळे पानांच्या वर्णनातला एक शब्दही हलवावा लागला नाही.

याउलट तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगताना इंग्लंडच्या चिन्हात फ्रान्सची लिलीची फुले घातली आणि १८०१ मध्ये ती काढून टाकण्यात आली, तेव्हा वर्णनच बदलले. तिथे ‘समाविष्ट केली’, ‘वगळली’ ही क्रियापदे नेमकी ठरतात. दक्षिण आफ्रिकेने २७ एप्रिल २००० रोजी जुने चिन्ह बाजूला सारून दुसरेच आणले; तिथे ‘नवे चिन्ह स्वीकारले’ असेच म्हणावे लागेल.

तेव्हा आपले वाक्य मी असे लिहीन : ‘१९५७ मध्ये कॅनडाचे ढालचिन्ह नव्याने रेखाटण्यात आले आणि त्यातली मेपलची पाने लाल झाली.’