आउटबोर्ड मोटर हिवाळाभर बंद ठेवायचीय, टाकी भरून ठेवू की रिकामी?

नवखा_नावाडी:
मंडळी १५ एचपीची फोर स्ट्रोक मोटर आहे, कार्ब्युरेटरवाली, पेट्रोलची टाकी सुटी, उचलून नेता येते अशी. आता पाचेक महिने बोट पाण्यात उतरणार नाही. गेल्या हिवाळ्यात नुसती ताडपत्री टाकून मोकळा झालो आणि नंतर दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, कार्ब खोलला तर जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) चिकट पिवळी राळ. एक जण सांगतो टाकी फुल ठेव, दुसरा म्हणतो पार रिकामी कर. काय करू?

जुना_खलाशी:
दोघंही बरोबर आहेत रे, वेगवेगळ्या टाकीबद्दल बोलतायत एवढंच. बोटीत फिक्स बसवलेली टाकी असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव) टाकून जवळजवळ फुल ठेवायची, म्हणजे आत हवा कमी, दव कमी. तुझी सुटी आहे, ती रिकामीच कर, उरलेलं पेट्रोल ताजं असेल तर गाडीत ओत (टू स्ट्रोकवाल्यांनी हे करू नका, त्यात ऑइल असतं). इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि जास्त झालं की ते दोन्ही मिळून तळाला बसतं, मोटर नेमकी तिथूनच पिते. एकदा असं फाटलं की स्टॅबिलायझरने ते पुन्हा जुळत नाही.
पण आधी ताज्या पेट्रोलात स्टॅबिलायझर घालून, पाणी घ्यायच्या जाळ्यांवर मफ (नळाची नळी जोडायचे रबरी कप) लावून नळाच्या पाण्यावर न्यूट्रलमध्ये १० मिनिटं चालव, आतलं मीठही धुतलं जाईल. मग पेट्रोलचा पाइप काढ आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे, पाणी मात्र तोवर चालूच, कोरडी फिरली की इंपेलर (थंड ठेवायला पाणी खेचणारी रबरी चक्री) गेला. तरी कार्बच्या वाटीत थोडं उरतंच, खालचा ड्रेन स्क्रू सैल करून तेही काढ.

पाणकोंबडा:
थांबा थांबा, हे फक्त कार्बवाल्यांसाठी हां. माझी फ्युएल इंजेक्शनची आहे, तिला असं कोरडं करायचं नाही, हाय प्रेशर पंपाला वंगण पेट्रोलचंच मिळतं. स्टॅबिलायझरवालं पेट्रोल आत तसंच राहू द्यायचं.

दर्यावर्दी_ताई:
सगळे पेट्रोलच्याच मागे. खालचं गिअर ऑइल कोण बघणार? स्क्रू काढून बघ, दुधाळ निघालं म्हणजे सीलमधून पाणी शिरलंय, ते थंडीत गोठलं की गिअरकेसला तडा. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि स्क्रूचे वॉशर नवे घाल. इंजिन ऑइल पण आत्ताच बदल, उन्हाळ्यावर ढकलू नको, वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल महिनोन्‌महिने बेअरिंगला खात बसतं. स्पार्क प्लग काढून फॉगिंग ऑइलचा (आतून गंज रोखणारं तेल) एक फवारा, किल स्विचची (इंजिन बंद करणारं बटण) क्लिप काढून दोरी हळू दोनदा ओढ. आणि मोटर उभीच ठेव, उरलंसुरलं पाणी गळून जातं.

नवखा_नावाडी:
ताई, ऑइल दुधाळच निघालं 🙁 पंखा काढला तर शाफ्टला मासेमारीची दोरी गुंडाळलेली, सील कापलंय. आता पंख्याबरोबर सीलही बदलू का फक्त सील?

दर्यावर्दी_ताई:
पंख्याला काय झालंय, सील बदल. आणि बदलल्यावर प्रेशर टेस्ट (हवा भरून गळती तपासणं) करूनच ऑइल भर.