तिसरा स्पर्धक मागे हटला, तर नुकसान कोणाचे?

मूळ मांडणी

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने आपले चार गेम इतर कंपन्यांच्या कन्सोलवर (गेम खेळण्याच्या यंत्रांवर) देण्याचे जाहीर केले, तेव्हा तो मर्यादित प्रयोग वाटत होता. २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ आणि ‘गिअर्स ऑफ वॉर’ सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘हेलो’ मालिकेतल्या पहिल्या गेमची नवी आवृत्तीही तेथे येणार असल्याची घोषणा झाली. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स ज्या गेमच्या बळावर बाजारात उभा राहिला, तोच गेम प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर जात आहे. मायक्रोसॉफ्ट पुढचे यंत्रही बनवणार असल्याचे सांगते आणि ते खरे मानायला हरकत नाही. परंतु यंत्रांच्या विक्रीत सोनीला गाठण्याचा प्रयत्न तिने सोडला आहे, हे आता स्पष्ट आहे. किती कन्सोल विकले, याचे आकडे देणे तर तिने २०१५ मध्येच थांबवले होते.

माझे म्हणणे असे, की यात खरे नुकसान खेळणाऱ्यांचे आहे, आणि ज्यांनी कधीही एक्सबॉक्स विकत घेतला नाही त्यांचेही आहे. सोनीचा इतिहास पाहा. प्लेस्टेशन २ च्या १० कोटींहून अधिक विक्रीनंतर २००६ मध्ये तिने प्लेस्टेशन ३ चे दोन प्रकार ४९९ आणि ५९९ डॉलरना आणले, आणि एक वर्ष आधी आलेल्या, त्यापेक्षा स्वस्त एक्सबॉक्स ३६० ने तिचा मोठा ग्राहकवर्ग ओढून घेतला. त्या फटक्यामुळेच २०१३ चा प्लेस्टेशन ४ हा ३९९ डॉलरचा, गेम बनवणाऱ्यांना सोपा जाईल असा कन्सोल झाला. त्या वर्षी गर्वाची पाळी मायक्रोसॉफ्टची होती. वापरलेल्या डिस्कच्या फेरविक्रीवर बंधने आणि दर चोवीस तासांनी इंटरनेटशी जोडणी, अशा अटी तिने जाहीर केल्या, आणि सोनीने नेमक्या त्याच मुद्द्यावर ग्राहकांची बाजू घेतल्यामुळे जूनमध्ये त्या मागे घ्याव्या लागल्या. दोन्ही वेळा ग्राहकाला जे मिळाले, ते समोर तोडीस तोड प्रतिस्पर्धी असल्यामुळे मिळाले.

वेगवेगळ्या कन्सोलवरच्या लोकांना एकत्र खेळू देण्यास सोनी २०१८ पर्यंत तयार नव्हती. मायक्रोसॉफ्ट आणि स्विच कन्सोल बनवणाऱ्या निन्टेन्डो यांनी तशी सोय देऊन ती उघडपणे मिरवली, तेव्हा सप्टेंबरमध्ये सोनी नमली. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्यांसाठीचा कंट्रोलर मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणला आणि सोनीचा तसा कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. हा दबाव उद्या कोण आणणार?

प्रतिसाद १

धागालेखकांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष आजच्या बाजाराला लागू होत नाही. स्पर्धा संपल्यामुळे ग्राहकाची अडवणूक होते, असे असेल तर किमती सर्वांत जास्त सोनीने वाढवायला हव्या होत्या. प्रत्यक्षात काय झाले? ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने अमेरिकेत प्लेस्टेशन ५ ची किंमत ५० डॉलरने वाढवून डिस्क असलेला प्रकार ५४९.९९ डॉलरवर नेला. मायक्रोसॉफ्टने मात्र एक्सबॉक्स सिरीज एक्स आधी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये महाग करून ४९९.९९ वरून ६४९.९९ डॉलरवर नेला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये गेम पास अल्टिमेट या सबस्क्रिप्शन सेवेचे मासिक शुल्क १९.९९ वरून २९.९९ डॉलर केले. म्हणजे जो हरत आहे, त्यानेच ग्राहकावर अधिक भार टाकला.

यामागचे कारण वेगळे आहे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ वर, २००४ मध्ये १४९ वर आणि २००९ मध्ये ९९ वर उतरला. तेव्हा दर काही वर्षांनी तीच चिप लहान आणि स्वस्त बनवता येत असे, आणि सुरुवातीला तोट्यात विकलेले यंत्र नंतर नफ्यात जात असे. आता प्रगत चिप बनवण्याचा खर्च पूर्वीसारखा घसरत नाही, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतील आयातशुल्काची त्यात भर पडली. कितीही स्पर्धक असले, तरी हा खर्च कोणालाही चुकणारा नाही.

दुसरी गोष्ट. एखादा गेम एकाच कंपनीच्या यंत्रावर अडकवून ठेवणे हा खेळणाऱ्याचा लाभ कधीपासून झाला? ‘हेलो’ खेळण्यासाठी दुसरे यंत्र घ्यावे लागत नसेल, तर ती चांगलीच बातमी आहे.

प्रतिसाद २

या चर्चेत निन्टेन्डोला बाजूला ठेवून ‘दोन कंपन्यांची लढाई’ मांडली जाते, ती पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. स्विच हा कन्सोल मार्च २०१७ पासून १५ कोटींहून अधिक विकला गेला, आणि जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ची पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांहून अधिक विक्री झाली. बाजारातील स्थान यंत्रांच्या विक्रीवर मोजायचे असेल, तर मायक्रोसॉफ्ट कित्येक वर्षे तिसरी आहे आणि तिच्या मागे हटण्याने पहिल्या दोघांची गणिते फारशी बदलत नाहीत.

निन्टेन्डोचा अनुभव धागालेखकांच्या सिद्धांताला थेट छेद देतो. २०११ मध्ये थ्रीडीएस हा हातात धरून खेळण्याचा कन्सोल अमेरिकेत २४९ डॉलरना आला आणि विकला जाईना. काही महिन्यांतच निन्टेन्डोने किंमत १६९ डॉलरवर आणली आणि अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. तेव्हा सोनीचा नवा हाती कन्सोल बाजारात आलेलाही नव्हता. मग २०१२ चा वी यू आला, आणि जिच्या आधीच्या वी कन्सोलची विक्री १० कोटींच्या पुढे गेली होती, त्या कंपनीचे हे यंत्र १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबले. मायक्रोसॉफ्ट किंवा सोनी यांनी वी यू ला पाडले, असे म्हणता येणार नाही. हा नवा कन्सोल आहे की जुन्या वी ला जोडायचे उपकरण, हेच अनेकांना कळले नाही, आणि पुढे चांगल्या ठरलेल्या गेमनाही त्या यंत्रावर पुरेसे खेळणारे मिळाले नाहीत. ग्राहकाने घरीच बसून राहणे हा या धंद्यातला सर्वांत कठोर दबाव आहे आणि तो कोणत्याही कंपनीच्या माघारीने नाहीसा होत नाही.

धागालेखकाचे उत्तर

पहिल्या प्रतिसादातील किमतींचा मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो असे मला वाटते. मायक्रोसॉफ्टचे लोक अनेकदा सांगत आले आहेत, की यंत्र तोट्यात विकून ती भरपाई गेम, ऑनलाइन दुकानातल्या विक्रीतील वाटा आणि सबस्क्रिप्शन यांतून केली जाते. हा तोटा कोण सोसतो? ज्याला उद्याचा ग्राहक आज मिळवायचा आहे तो. १५० डॉलरची वाढ करणारी कंपनी ग्राहक मिळवण्याच्या स्पर्धेतून बाहेर पडलेली असते. चिपचा खर्च वाढला हे मान्य. तो खर्च स्वतःच्या खिशातून भरून प्रतिस्पर्ध्याला अडचणीत आणणारे आता कोणी उरले नाही, एवढेच मी म्हणत आहे.

दुसऱ्या प्रतिसादाबद्दल: थ्रीडीएसच्या वेळी ग्राहकाकडे पर्याय होता, आणि तो त्याच्या खिशातल्या फोनमध्ये होता. दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावरच्या, भव्य आणि खर्चिक गेमसाठी फोन हा पर्याय नाही आणि स्विच २ काही प्रमाणातच आहे. शिवाय निन्टेन्डोलाही आपल्या क्षेत्रात थेट स्पर्धक नाही, म्हणूनच तिने स्विच २ सोबत आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची किंमत ७९.९९ डॉलर ठेवली. मायक्रोसॉफ्टने त्याच सुमारास एका गेमसाठी ८० डॉलर मागून पाहिले आणि टीका झाल्यावर जुलै २०२५ मध्ये ती किंमत मागे घेतली. एकीला माघार घ्यावी लागली, दुसरीला लागली नाही. स्पर्धेची स्थिती यापेक्षा स्पष्ट कशी दिसावी?

प्रतिसाद ३

गेम बनवण्याचा खर्च या चर्चेत अजून आलेला नाही आणि माझ्या मते सगळ्याचे मूळ तेथे आहे. मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरना ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम बनवणारी कंपनी घेऊ नये, म्हणून बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये न्यायालयीन लढा दिला. त्या वेळी उघड झालेल्या कागदपत्रांनुसार सोनीच्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी डॉलर खर्च आला. एवढा पैसा एकाच यंत्राच्या ग्राहकांकडून वसूल करणे दर वर्षी कठीण होत आहे. म्हणून सोनी २०२० पासून आपले मोठे गेम पीसीवर आणू लागली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर तिने प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स २’ एक्सबॉक्सवरही आला.

तेव्हा मायक्रोसॉफ्टची कृती ही केवळ पराभवाची कबुली आहे, असे मानणे घाईचे ठरेल. गुंतवणूक परत मिळवण्यासाठी सगळेच त्या दिशेने चालले आहेत. मायक्रोसॉफ्टला ते आधी करावे लागले, कारण तिच्या यंत्रांची संख्या कमी होती आणि ॲक्टिव्हिजनच्या खरेदीचा भार मोठा होता. निन्टेन्डो तेवढी अपवाद आहे, कारण तिचे गेम तुलनेने कमी खर्चात बनतात आणि कित्येक वर्षे पूर्ण किमतीला विकले जातात.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ शी सहमत, पण धागालेखकांची चिंता मला अगदीच निराधार वाटत नाही. माझे बोट वेगळ्या जागी आहे: गेम विकणारे ऑनलाइन दुकान. डिस्क नसलेल्या कन्सोलवर गेम एकाच ठिकाणाहून घेता येतो, आणि ते ठिकाण कन्सोल बनवणाऱ्याच्या मालकीचे असते. एप्रिल २०१९ पासून पूर्ण गेमचे डिजिटल कोड इतर विक्रेत्यांनी विकणेही सोनीने बंद केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६९९.९९ डॉलरना आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. ज्याच्या खात्यावर दहा वर्षांचे गेम साठले आहेत, तो यंत्र बदलताना ते सगळे मागे सोडतो. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३ मध्ये याच अर्थाचे विधान केले होते, की लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी ज्या पिढीत उभारली, नेमकी तीच पिढी आपण हरलो. मग तिसरा स्पर्धक कितीही चांगले यंत्र आणो, ग्राहक हलणार कसा?

धागालेखकाचे उत्तर

हा मुद्दा माझ्या मांडणीत हवा होता, आणि त्यामुळे माझा प्रश्न अधिक नेमका होतो. यंत्रांची संख्या दोन असो वा तीन, प्रत्येकाच्या आत एकच दुकान असेल तर ग्राहक सारखाच बांधलेला राहतो. म्हणूनच जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चिप बनवणाऱ्या एएमडीसोबत पुढच्या यंत्राची घोषणा करताना ते एकाच दुकानाशी जखडलेले नसेल असे जे सांगितले, ते मला या दोन वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे विधान वाटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम हे पीसी गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने टीव्हीला जोडायच्या स्टीम मशीनची घोषणा केली. कंपनीचा २०१५ मधला तसाच प्रयत्न फसला होता, पण २०२२ च्या स्टीम डेक या हाती यंत्रानंतर तिच्याकडे अनुभवही आहे आणि लोकांचे आधीच घेतलेले गेमही आहेत.

या दोन्ही यंत्रांवर लोक खरोखर वेगवेगळ्या दुकानांतून गेम घेऊ शकले आणि त्यामुळे सोनीला आपल्या स्टोअरमधला सुमारे ३० टक्के वाटा किंवा प्लेस्टेशन प्लस या सबस्क्रिप्शनचे शुल्क कमी करावे लागले, तर दबाव नव्या मार्गाने आला असे मी मान्य करीन. प्लसच्या मूळ श्रेणीचे वार्षिक शुल्क सप्टेंबर २०२३ मध्ये ५९.९९ वरून ७९.९९ डॉलर झाले आहे. ते खाली येते की आणखी वर जाते, याकडे माझे लक्ष राहील.